वटवाघळाची कुंडी

काकू, परवा मधुभाऊ आले. सायकल फाटकाला टेकवली आणि आत न येताच म्हणाले, "मंदा, आपल्या मराठी मंडळाचा हस्तलिखित अंक निघतो आहे. आईवर चार ओळी तू लिही. तिच्या झाडांवर लिही. बाबांच्या त्या झाडाला तू फूल आणलंस, असं आईने मला रशियात पत्र पाठवून कळवलं होतं. ते तर लिहीच." मग पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. "ही तुझी पोस्टकार्डं. आईच्या उशाशी होती. तुझ्याजवळच राहू दे." आणि सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, "रविवारी सवडीने येतो. ती कुंडी बघायची आहे मला."

मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

आज शुक्रवार. सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. तुमचा जन्म कुठला, तुमचे यजमान रेल्वेत काय होते, हे अंकात दुसरं कोणी नीट लिहील. मला जी पहिली ओळ सुचते आहे ती अशी: फूल आलं नव्हतं, काकू. झाडच नव्हतं. तुम्ही गेलात त्याच्या सात-आठ महिने आधी मी ते मारलं होतं, आणि मग तुम्हाला खोटी कार्डं लिहीत बसले होते.

आता बाकीचं लिहिते.

मी लग्न होऊन भिलाईला, सेक्टर सहामध्ये आले तेव्हा सतराची होते. वैनगंगेच्या काठचं आमचं गाव. चौथीत शाळा सुटली, कारण घरी तीन धाकटी होती आणि आई धानाच्या रोवणीला जायची. इथे आले तर डावीकडे तेलुगू, समोर पंजाबी, मागे बंगाली. बोलायचं कोणाशी? माझे हे कारखान्याच्या बांधकामावर, उंचावर काम करणाऱ्या टोळीत. लोखंडाचे खांब उभे करायचे, त्यावर चढायचं. हे निघाले की मी दारात उभी राहायची ती कारखान्याचा भोंगा होईपर्यंत. भोंगा वेळेवर झाला तर ठीक. जरा मागेपुढे झाला की मी फाटकापर्यंत धावायची.

अशाच एका सकाळी मी रिकामी बादली धरून कुंपणाशी उभी होते. पलीकडून तुमचा आवाज आला.

"काय वं, कावून थरथरून राहिली? थंडी वाजते का उन्हात?"

आपली भाषा ऐकून मला रडू फुटलं. तुम्ही काही समजूत घातली नाही. ओलं फडकं कुंपणावरून माझ्या हातात दिलं आणि म्हणालात, "इकडे ये. रडत रडत पानं पूस. दोन्ही कामं होतात."

त्या दिवशी मी तुमची झाडं पाहिली. आमच्याकडे झाड म्हणजे मोह, आंबा, पळस. अंगणात तुळस, फार तर झेंडू. तुमच्या पुढच्या व्हरांड्यात लाल पानं, काळी पानं, कुंकू शिंपडल्यासारखी पानं. एका लाकडाला बांधलेलं, मुळं हवेत सोडून सांबराच्या शिंगासारखं वाढलेलं. सुरईसारखी पिशवी लोंबणारं, जे माशा खातं म्हणे. मला वाटलं ही बाई चेटूक करते. मी तसं यांना सांगितलंसुद्धा. हे म्हणाले, "चेटूक करते तर तिले विचार, माह्या सुपरवायजरचं तोंड बंद होईल काय?"

मी तुम्हाला खरंच विचारलं. तुम्ही इतक्या हसलात की पदर तोंडात धरावा लागला.

साऱ्या पानांवर कारखान्याची लाल धूळ बसायची. तुम्ही म्हणायच्या, या गावात माणसाले दोनदा आंघोळ लागते, पानाले तीनदा. क्रोटन ओल्या फडक्याने. मखमलीच्या पानाला मात्र पाणी लावायचं नाही, त्याच्यासाठी काकांचा जुना दाढीचा ब्रश. मखमलीचं एकेक पान तळहातावर घेऊन तुम्ही ब्रश फिरवायच्या तेव्हा काकांची दाढीच करत आहात असं वाटे. मी हे मनात म्हटलं होतं. आज लिहून टाकते.

काका मालगाडीचे गार्ड होते. हावड्याच्या बाजूने झाडं यायची, एका गार्डाने दुसऱ्याच्या हाती द्यायची, ब्रेकव्हॅनमधून, ओल्या शेवाळात गुंडाळून, बांबूच्या टोपलीत. टोपलीवर पाणी मारायची जबाबदारी ज्याच्या त्याच्या हद्दीत ज्याची त्याची. बिलासपूरचे मिश्रा पाणी जास्त मारतात, डोंगरगडचे नायडू विसरतात, हे तुम्ही मला त्या माणसांना कधी न पाहता सांगायच्या. काका गेले, मग मधुभाऊंना इथे नोकरी लागली, तेव्हा तुम्ही भांडी नंतर आणली, कुंड्या आधी.

आणि नावं. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून पट्ट्या करायच्या, खिळ्याने नाव कोरायचं, मातीत खोचायचं. तुमचे डोळे अधू झाले तसं ते काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "मले नाही जमत, काकू. चौथी झाली मी, तेही विसरली." तुम्ही म्हणालात, "झाड चूक काढत नाही. लिही." मी 'क्रोटन' लिहायला अर्धी सकाळ घेतली. नंतर 'मखमली', 'सांबरशिंग'. नंतर एकदा तुम्ही मागितलं नसताना मी एका पट्टीवर माझं नाव कोरलं आणि पुसायचा प्रयत्न करत होते. पत्र्यावरचं पुसत नाही. तुम्ही ती पट्टी घेतली आणि मनीप्लांटच्या कुंडीत खोचली. "राहू दे. ते झाड मंदाचं." आज हा कागद लिहिते आहे तो त्या खिळ्यामुळे. नाहीतर मी सही करणारी बाई होते, लिहिणारी नाही.

तुमच्या दोन रीती मला इथे लिहून ठेवायच्या आहेत, कारण त्या कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली. आपल्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्या बायकांचा समज होता की मागून आणलेलं झाड लागत नाही, चोरून आणलेलं लागतं. तुमचा नव्हता. पण कोणी बाई तुमच्या क्रोटनपाशी जरा जास्त वेळ रेंगाळली की तुम्ही म्हणायच्या, "बस, मी चहा ठेवून येते." आत जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. भांडी उगीच वाजवायच्या, म्हणजे बाहेरचीला धीर यावा. बाहेर कट् असा आवाज झाला की मग चहा यायचा. ती पंजाबीण तर एकदा सांबरशिंगाचं पान पदराखाली घेऊन चहा प्यायली, पदरातून अर्धं शिंग बाहेर. तुम्ही तिला साखर विचारलीत. मी नंतर म्हटलं, "तुमाले दिसलं नाही काय?" तुम्ही म्हणालात, "दिसाचं असतं तर मी आत कायले गेली असती?"

दुसरी. झाड मेलं की तुम्ही त्याबद्दल बोलायच्या नाहीत. कुंडी पालथी घालायच्या, मागच्या अंगणात, उन्हात आठ दिवस. माती वाळली की कोहका गावच्या शेणखतात मिसळून दुसऱ्या कुंडीला. ते सुरईचं झाड गेलं, ज्याच्यासाठी काकांनी तीन पत्रं लिहिली होती, तेव्हासुद्धा हेच. मधुभाऊ ड्युटीवरून आले, पालथी कुंडी पाहिली, तुमच्याकडे पाहिलं, हातपाय धुवायला गेले. तुमच्या घरात पालथ्या कुंडीला कोणी काही विचारत नसे.

आणि मग ते वटवाघूळ, म्हणजे काकांचं ते झाड.

काका एकदाच स्वतः कलकत्त्याला गेले होते आणि तिथल्या एका नर्सरीत त्यांनी ते फूल पाहिलं. काळं, दोन्ही बाजूंनी पंख पसरलेले, आणि खाली हातभर मिशा लोंबलेल्या. त्यांनी तुमच्यासाठी गड्डा आणला. पुढच्या वर्षी ते गेले. झाड वाढलं, पानं रुंद, हिरवीगार, पण सात वर्षांत फूल नाही. तुम्ही दर पावसाळ्यात रोज सकाळी पानं बाजूला सारून बुडाशी वाकून बघायच्या. मीही बघायची, तुमच्या मागे उभी राहून.

त्यावरून आपलं भांडण तुम्हाला आठवतं?

"वास येते का त्या फुलाले?" मी विचारलं.

"नाही म्हणत होते हे."

"देवाले चालते?"

"काळं फूल कोन्या देवाले चालते वं?"

"मंग केसात?"

"मिशा असलेलं फूल घालशील केसात? घाल. तुहा घरवाला खांबावरून उतरून पळून जाईल."

"मंग कायच्या कामाचं आहे ते?"

"पाहाच्या."

"सात वर्षं पाणी घालाचं आन् नुसतं पाहाचं?"

तुम्ही ब्रश खाली ठेवलात. म्हणालात, "यांनी पाहिलं, मी नाही पाहिलं. एवढंच एक राहिलं आहे जे त्यांनी पाहिलं आन् मी नाही." मी फडकं उचलून पुढचं पान पुसायला घेतलं. पण पटलं नव्हतं. वाटलं, पुन्हा कधी तरी नीट भांडू.

दुसरं भांडण पाण्याचं. ते तर रोजचं. कुठल्याही झाडाने जरा मान टाकली की मी तांब्या घेऊन धावायची. तुमचा नियम होता, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाल. कोरडं लागलं तरच पाणी. मी बोट घालायची, ओलं लागायचं, तरी घालायची. एकदा तुम्ही माझं मनगट धरलं. "मंदे, तहान झाडाले लागली का तुले? तुले भेव वाटते म्हणून तू पाणी घालते. भेव तुह्यं, आन् बुडते ते." मी म्हटलं, "कोरडं ठेवलं तर मरते." तुम्ही म्हणालात, "कोरडं एका दिवसात मरत नाही. बुडालेलं परत येत नाही." मी ऐकलं. मानलं नाही.

मधुभाऊ ट्रेनिंगला वर्षभरासाठी रशियाला गेले आणि दिवाळीनंतर तुमच्या पोटात दुखायला लागलं. तुमची लेक नागपूरहून न्यायला आली. क्वार्टरला कुलूप लागणार होतं. कुंड्या लाइनीत वाटल्या. या खेपेस उघड वाटल्या, चहा न ठेवता, तेव्हाच मला समजायला हवं होतं. वटवाघूळ माझ्या मागच्या अंगणात, मोरीच्या भिंतीच्या सावलीत ठेवलंत. जाताना टांग्यात बसल्यावरसुद्धा सांगत होतात, "थंडीत ते झोपते. पानं गेली तरी हात लावू नको. महिन्यातून दोनदा ओंजळभर पाणी. ओंजळभर, तांब्याभर नाही. ऐकलं का वं?"

"ऐकलं."

"काय ऐकलं?"

"ओंजळभर."

टांगा वळला तेव्हा तुम्ही हात केला नाहीत. कुंडीच्या दिशेला बघत होतात.

मार्गशीर्षात यांना कारखान्याच्या नव्या चिमणीच्या कामावर घेतलं. मी खालून एकदा पाहिली ती चिमणी आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही. त्याच आठवड्यात झाडाचं पहिलं पान पिवळं पडलं. मला माहीत होतं ते झोपतं आहे. माहीत असून मी रोज सकाळी, हे फाटकाबाहेर पडले की, तांब्याभर पाणी घालत राहिले. ते घातलं की जरा बरं वाटायचं, हे संध्याकाळी परत येतील असं वाटायचं. आले, रोज आले. आणि पौष लागला तेव्हा मी तुम्हाला नागपूरला कार्ड टाकलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्र: 'झाडाला रोज न चुकता पाणी घालते. काळजी करू नये.'

तुमचं उत्तर एवढंच आलं: 'बोट घालून पाहत जा.'

संक्रांतीनंतर एक पान बाजूला सारायला गेले तर ते देठासकट हातात आलं. देठाचं टोक तपकिरी, बुळबुळीत. नासक्या बटाट्याचा वास. मी माती उकरली. गड्डा बोटाखाली दबला आणि आत शिरलं बोट. काही राहिलं नव्हतं.

मी ते काढून टाकलं, माती सारखी केली, पट्टी पुन्हा खोचली. हात तीनदा धुतले.

तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहायला बसलेही. पण त्याच दिवशी तुमचं कार्ड आलं, त्यात तुमचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं, आणि खाली तुमच्या लेकीने लिहिलं होतं: 'आई काही खात नाही. तुमचं कार्ड मात्र दोनदा वाचून घेते. लिहीत जा.' मग काय लिहू मी? तुम्ही विचारलं होतं, थंडी सरली, कोंब आला का? मी लिहिलं, आला.

एक खोटं लिहिलं की झाडासारखं त्यालाही वाढवावं लागतं. चैत्रात एक पान, वैशाखात तीन पानं. आषाढात मी लिहिलं, बुडाशी कळी दिसते. श्रावणात लिहिलं, फूल उमललं, वटवाघळासारखं काळं, मिशा हातभर. म्हणजे तुमचेच शब्द तुम्हाला परत पाठवले, माझ्याजवळ दुसरे कुठून असणार? तुमचं कार्ड आलं: 'मिशा किती? मोजून लिही.' मी अंगणात गेले. रिकाम्या कुंडीपुढे उकिडवी बसले आणि बावीस म्हटलं. बावीस लिहिलं.

यांना ठाऊक होतं. हे म्हणाले, "मंदे, बस कर आता. मधुभाऊ येतील तेव्हा काय दाखवशील?" मी म्हटलं, "तवा काकू बऱ्या होऊन आल्या असतील. मी त्यांच्या पाया पडीन, त्या दोन शिव्या देतील, होईल." हे डबा घेऊन कामावर निघाले.

तुमचं शेवटचं कार्ड तुमच्या लेकीच्या अक्षरात होतं, तुम्ही सांगितलेलं. 'मंदे, फूल पाहून झालं. आता त्याले पाणी घालू नको. कुंडी पालथी घाल. आठ दिवस ऊन लागू दे. मग त्या मातीत दुसरं काही लाव.'

मला वाटलं, दुखण्यात भ्रम झाला तुम्हाला. फुलावर आलेल्या झाडाची कुंडी कोणी पालथी घालतं का? मी यांनाही म्हटलं, काकू काहीच्या बाही बोलून राहिल्या. त्यानंतर दहाव्या दिवशी तुम्ही गेल्याची बातमी आली. मी नागपूरला आले नाही. कोणत्या तोंडाने आले असते? तेरवीच्या दिवशी घरीच पान वाढलं आणि ते कुंडीपाशी ठेवलं. कावळा आला नाही. भिलाईत कावळे कमी आहेत असं म्हणून मी ते गाईला घातलं.

आज ते पुडकं सोडलं. तुमच्या नऊवारीच्या काठाने बांधलेलं. माझी अकरा कार्डं, आली त्या क्रमाने. सगळ्यात वर ते पहिलं. 'रोज न चुकता पाणी घालते.' त्यातल्या 'रोज' खाली पेन्सिलीची रेघ आहे. एकच, सरळ, जोर देऊन ओढलेली. तेव्हा तुमचा हात अजून स्थिर होता.

म्हणजे पौषातच तुम्हाला कळलं होतं. झाड गेलं हे माझ्या आधी तुम्हाला कळलं होतं. कोंब आला का विचारलंत तेव्हा ठाऊक होतं. मिशा मोजायला लावल्या तेव्हा ठाऊक होतं. आणि तरी मधुभाऊंना रशियात कळवलंत, मंदाने फूल आणलं म्हणून. तुम्ही आत जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिलात, काकू. भांडी वाजवत राहिलात. मी बाहेर कट् करून काय नेत होते हे माहीत असून.

मला हे समजून बरं वाटायला हवं, असं लोक म्हणतील. नाही वाटत. तुम्ही नागपूरच्या त्या खोलीत पडून होता आणि काकांनी पाहिलेलं एवढं एक तुम्ही आता कधी बघणार नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यावर माझी कार्डं दोनदा वाचून घेत होता. मला वाटत होतं मी तुम्हाला दिलासा देते आहे. तुम्ही मला देत होता. मरायला टेकलेल्या बाईकडून मी तेही घेतलं. चिमणीचं काम संपलं, हे सुखरूप उतरले. माझ्या पाण्याने नाही उतरले. झाड मात्र माझ्याच पाण्याने गेलं.

त्या पहिल्या भांडणाचं उत्तर आता माझ्याजवळ आहे, सांगायला तुम्ही नाही. नुसतं पाहायच्या कामाचं असतं ते. मलाही ते पाहायचं होतं. तुमच्या मागे उभं राहून.

मधुभाऊ, अंकात हे घेऊ नये असं वाटलं तर घेऊ नका. पण वाचा. रविवारी याल तेव्हा मागच्या अंगणात कुंडी पालथी दिसेल. तुम्ही त्यांचे आहात, विचारणार नाही. म्हणून इथेच लिहून ठेवलं.

काकू, हे लिहिता लिहिता मी उठले आणि तुम्ही सांगितलं ते केलं. ऊन चांगलं होतं. पट्टी काढून बाजूला ठेवली, कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि पालथी घातली. रिसाली गावच्या कुंभाराची कुंडी, मातीचा गोळा तिच्याच आकाराचा सबंध बाहेर आला. आत एक मूळ नव्हतं. बोट घालून पाहिलं, दुसऱ्या पेरापर्यंत.

माती ओली होती. आज सकाळीही, हे कामावर गेले तेव्हा, मी तांब्याभर पाणी घातलं होतं.